कर्णा पोटात असलेली पेटी

गेवराईच्या स्टँडवर सकाळची औरंगाबाद गाडी धरली तेव्हा माझ्याजवळ सामान म्हणजे एक पिशवी. तिच्यात हत्यारं, धोतर-सदरा, दोन भाकरी आणि दोन पुठ्ठ्यांच्या मधी बांधलेली एक गाण्याची तबकडी. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, पिशवी वर टाका." मी म्हटलं, "टाकायची वस्तू न्हाय ती. मांडीवर ऱ्हाईल." त्यानं तिकीट दिलं आणि पुढं सरकला. त्या शहराला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. मी गेलो तेव्हा गाडीच्या पाटीवर औरंगाबाद होतं, म्हणून तेच लिहितो.

कशाला चाललो होतो ते आधी सांगतो. मी जुने ग्रामोफोन गोळा करतो आणि चालू करतो. आमचं मूळ काम मेंढरांचं. शाळा तिसरीपर्यंत, तीही मेंढरं ज्या गावच्या रानात बसतील त्या गावात. मशीनचं काम एका घड्याळवाल्याच्या दारात बसून शिकलो. त्यानं शिकवलं नाही, मी बघून घेतलं. बाहेर पितळी कर्णा असलेली मशीनं माझ्याकडं बरीच आहेत. तसली आता नवी बनवूनही विकतात, हॉटेलवाले शोभेला घेतात. मला हवी होती ती उभी पेटी. कपाटासारखी, कमरेइतकी उंच. वर झाकण, त्याखाली तबकडी फिरते. कर्णा बाहेर दिसत नाही, तो लाकडाचा असतो आणि पेटीच्या पोटात असतो. समोर दोन दारं. ती उघडली की गाणं बाहेर. असली पेटी मला आयुष्यात मिळाली नव्हती, आणि वय तर थांबत नाही.

रफिकभाई हे गुलमंडीच्या मागं जुन्या सामानाचं दुकान चालवतात. आमची ओळख जुनी. त्यांचा फोन आला होता, "चचा, खडी पेटी मिली. मगर एक लफडा है. उसमें भगवान बैठे हैं."

मी म्हटलं, "येतो."

शहागडच्या पुलावर गाडी आली तेव्हा सगळ्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. गोदावरीत पाणी नव्हतं. वाळूत झिरे (पाण्यासाठी हातानं उकरलेले खड्डे) घेतलेले होते आणि प्रत्येक खड्ड्याशी कुणीतरी वाटी घेऊन बसलेलं होतं. पुढं पाचोडाकडं मोसंबीच्या बागा. झाडं उभी वाळलेली, काही ठिकाणी तोडून सरपणाचे ढीग रचलेले. शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "ही आमची. पंधरा वर्सं सांभाळली. आता चुलीला बी लई चांगली जळती." एवढं बोलून त्यानं तंबाखू मळायला घेतली.

शहर जवळ आलं तसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटचे फलक सुरू झाले. ज्या रानात मी पोरपणी मेंढरं बसवलीत तिथं आता चार-चार मजल्यांचे सांगाडे उभे होते. एका फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'चोवीस तास पाणी'. त्याच फलकाच्या सावलीत टँकर उभा होता आणि बायका घागरी घेऊन रांगेत होत्या. मी लिहिणं-वाचणं उशिरा शिकलो, पण वाचलेलं सगळं खरं धरू नये हे आधीपासून माहीत होतं.

क्रांती चौकाच्या गर्दीतून रिक्षानं गुलमंडी गाठली. कापडाच्या दुकानांतून वाट काढत मागच्या गल्लीत शिरलं की रफिकभाईंचं दुकान. त्यांनी आधी जेवायला नेलं. नान-कलिया (भट्टीतली जाड, पिवळसर रोटी आणि मटणाचा तेलाची तर्री आलेला रस्सा). रोटी मऊ, रस्सा तिखट. दोघं पोटभर जेवलो आणि जेवतानाच भांडलो.

रफिकभाईंचा बेत ठरलेला होता. पेटी सुनंदाबाई नावाच्या बाईंची. विमा कचेरीत नोकरीला. जुन्या भाड्याच्या खोल्या सोडून त्या दोन दिवसांनी गारखेड्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये चालल्या होत्या. घरात दुसरं कुणी नाही. त्यांना मशीनचा उपयोग नव्हता, पण पेटी हवी होती, कारण तेच त्यांचं देवघर. तेव्हा मशीन रफिकभाई काढून नेणार, लाकूड बाईंकडं राहणार.

"देखो चचा, एक मशीन से तीन मशीन जिंदा होते. स्प्रिंग एक को, सुई का हाथ एक को, साउंड बॉक्स एक को. डब्बा बाई को. सब खुश."

"मी नाय खूश."

"तुम कायकू नय खुश?"

"पेटी आणि मशीन फोडायचं नसतं. घेईन तर पुरं घेईन. न्हाईतर मोकळा जाईन."

"तुम्हारी जिद से पेटी नय गाती, चचा."

"बघू," मी म्हटलं.

सुनंदाबाईंच्या खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या. रात्री रफिकभाईंकडं राहून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो, तो रविवार होता. सगळीकडं सामान बांधलेलं, भांड्यांची पोती शिवलेली. पन्नाशीची बाई, केस आखूड, बोलणं नेमकं. "बसा काका. पाणी अर्धा पेलाच देते, राग मानू नका. टँकर उद्या आहे." मी म्हटलं, "आमच्याकडं तेवढं बी नसतं."

पेटी आतल्या खोलीत, पूर्वेच्या भिंतीशी होती. मी आधी लांबून पाहिली. जनावर घेताना पहिल्यांदा लांबून बघायचं असतं, जवळ गेलं की लोभ होतो. पाय चारही सरळ. झाकणाला चीर नाही. दुष्काळाच्या कोरड्या हवेनं त्या घरातल्या टेबलाचे, कपाटाचे सांधे उघडे पडले होते, पण हिचे मिटलेले. समोरची दोन्ही दारं उघडी होती आणि आत लाल कापडावर देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, आणि चांदीचे टाक (पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या छोट्या मूर्ती). टाक आमच्या घरीही आहेत. मी हात जोडले.

"जागा किती सुरेख आहे बघा," सुनंदाबाई म्हणाल्या. "मागं आत आत निमुळती होत जाते. आई म्हणायची, गाभाराच आहे."

मी रफिकभाईंकडं पाहिलं. ते छताकडं पाहत होते.

"ताई," मी विचारलं, "ह्या मशीनचा कर्णा कुठंय?"

"तो गेला ना. आजोबा निजामाच्या राज्यात कचेरीत मुनशी होते. त्यांच्या साहेबानं बदली झाल्यावर हे त्यांना दिलं. त्याआधी गडबडीच्या दिवसांत साहेबाचं घर बंद होतं, तेव्हा कर्णा चोरीला गेला असं आजोबा सांगायचे. भोंग्याशिवाय गाणार कसं? मग आजीनं खालच्या कपाटात देव मांडले."

"आजोबांनी वाजवून बघितलं व्हतं का?"

"त्यांना मिळाल्यापासून भोंगा नव्हताच म्हणे."

आता माझ्या ध्यानात सगळं आलं. त्या आजोबांनी दुसरीकडं पितळी कर्ण्याची मशीनं पाहिली असणार. ह्याला कर्णा दिसेना, म्हणून चोरीला गेला ठरवलं. त्या घरात तीन पिढ्या कर्ण्याच्या तोंडाशी दिवा लावत होत्या आणि कर्णा गेला म्हणून हळहळत होत्या. रफिकभाईंनीही सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाले, "मेरेकू पूछा कहाँ उन्होंने?"

मी तिथंच सांगितलं. "ताई, कर्णा कुठं गेला न्हाय. देव बसल्यात तोच कर्णा."

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. वाकून आत पाहिलं. "हे कपाट नाही?"

"न्हाय."

"काहीतरीच."

"मला आजचा दिवस द्या," मी म्हटलं. "मशीन गायलं तर काय करायचं ते तुम्ही ठरवा. नाय गायलं तर रफिकभाईंना खुशाल खोलून नेऊ द्या. मी उगं तोंड उघडणार नाय."

रफिकभाई म्हणाले, "मंजूर. चचा हारे तो खाना चचा का."

सुनंदाबाईंनी हात पुसले, पळीभर पाणी देवांवर घातलं, आणि एकेक देव उचलून ताम्हणात ठेवला. "चला, थोडं सरका," असं त्या देवांना म्हणाल्या, घरातल्या माणसाला म्हणावं तसं.

मी वरची फळी खोलली. मशीन फळीसकट उचलून पालथं केलं. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. स्प्रिंगच्या डब्याला हात घालताना सावध असावं लागतं, गुंडाळलेलं पोलाद सुटलं तर बोट नेतं. मी सावध होतो, तरी एक टोक तळहाताला लागलंच. रक्त आलं. सुनंदाबाई हळद घेऊन आल्या. "काही झालेलं न्हाय," असं मी म्हटलं आणि हळद लावून घेतली.

पेटीच्या आतल्या बाजूला, फळीखाली, पेन्सिलीनं लिहिलेले उर्दू आकडे दिसले. सुताराची मापं. रफिकभाईंनी मान आत घालून वाचले आणि टाळी वाजवली. "चचा! ये पेटी विलायत की नय. अपने शहर के बढई की है. मशीन विलायत का, लकडी यहाँ की. तुम्हारी जोडी तो पहिलेच अलग थी!"

हे खरं होतं. मी सकाळीच रफिकभाईंना पेटी विलायती म्हणून सांगून बसलो होतो. देशी पेटी म्हटल्यावर घेणाऱ्याच्या डोळ्यात किंमत निम्म्यावर येते, हे मला माहीत, त्यांनाही माहीत.

"मग काय झालं?" मी म्हटलं. "नवरा-बायको काय एका घरचे असतात व्हय? इतकी वर्सं संसार केलाय दोघांनी."

सुनंदाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

ग्रीस रॉकेलनं धुतलं. साउंड बॉक्स म्हणजे सुईचा आवाज धरणारी गोल डबी, तिच्यातलं रबर विटकरीसारखं कडक झालं होतं. त्यासाठी नवं रबर मिळत नाही. मी खाली जाऊन सायकलच्या दुकानातून वॉल्व्हची रबरी नळी आणली, बारीक कापली आणि अभ्रकाच्या चकतीभोवती बसवली. दुकानदारानं विचारलं, "कोणती सायकल?" मी म्हटलं, "गाणारी."

हात धुवायला पाणी मागितलं नाही. कुंडीतल्या कोरड्या मातीनं हात घासले. जेवायला सुनंदाबाईंनी धपाटे (पिठात मिरची-कोथिंबीर घालून थापलेली भाकरी) आणि दही दिलं. आम्ही तिघं पोत्यांमध्ये जागा करून बसलो. रफिकभाईंना धपाटे इतके आवडले की ते पैजेबद्दल बोलायचे विसरले.

दुपारनंतर मशीन जागी बसवलं. चावी फिरवली. तबकडी फिरली, सुई टेकवली, आणि आवाज आला तो चादरीखाली झोपलेल्या माणसासारखा.

मी कर्ण्यात हात घातला. दिव्याची काजळी निघाली. आणखी आत, जिथं गळा अरुंद होतो, तिथं गच्च काहीतरी बसलेलं. तारेला आकडा करून ओढलं. अक्षता, तुळशीची वाळलेली पानं, कापराचा खडा, आणि शेवटी एक सुपारी गडगडत बाहेर आली.

"अगं बाई," सुनंदाबाई म्हणाल्या, "ही आईची सुपारी! सत्यनारायणाला गणपती म्हणून मांडलेली. आम्ही सगळं घर उपसलं होतं. शेवटी मोलकरणीवर आळ घेतला." मग हळू म्हणाल्या, "चांगली होती ती बाई."

गळा पुसून काढला. पुन्हा चावी दिली. तबकडी माझीच होती, कुणा गाणाऱ्या बाईंची. वरचं नाव घासून गेलेलं. ह्या वेळी सुई टेकली आणि पेटीतून ती बाई गायला लागली. पितळी कर्ण्यातला आवाज कानाशी ओरडतो. लाकडाचा तसा नसतो. तो अंगणातून आल्यासारखा येतो. जिन्यात कुणीतरी चढता चढता थांबलं, ते मला ऐकू आलं.

सुनंदाबाई जमिनीवर बसल्या होत्या, पूजेला बसतात तशाच, ताम्हण मांडीजवळ घेऊन. गाणं संपलं, सुई खरखरत राहिली, तरी त्या उठल्या नाहीत. मी सुई उचलली.

"म्हणजे आम्ही देव कुणाच्यातरी घशात बसवले होते," त्या म्हणाल्या.

"तसं न्हाय ताई. न कळता झालं."

"न कळता झालं ते झालं. आता कळलंय." त्यांनी ताम्हणावर रुमाल टाकला. "मला नाही आता तिथं देव ठेवता येणार. काका, तुम्ही घेऊन जा. पुरी घेऊन जा."

मी जिंकलो होतो. व्यवहाराचं रफिकभाईंनी मधी पडून ठरवलं, ते इथं लिहीत नाही. त्यांना त्यांची दलाली मिळाली. जिना उतरताना ते म्हणाले, "चचा, आज तुम्हारा दिन है." मी मिशीला हात लावला, हे मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. सुनंदाबाईंचं सामान आणि माझी पेटी एकाच टेंपोत. आधी गारखेडा, मग तोच टेंपो मला गेवराईपर्यंत सोडणार होता. सुनंदाबाई पुढं बसल्या, मांडीवर देवांचं ताम्हण. मी आणि रफिकभाई मागं, पेटीला गोधड्या लावून धरलेली.

गारखेड्याला नवी इमारत. जिन्याला रंगाचा वास. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लख्ख, फरशी आरशासारखी. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बिल्डरानं देवासाठी संगमरवरी कोनाडा करून दिलेला. सुनंदाबाईंनी तिथं देव मांडले आणि मागं सरकून पाहिलं. कोनाडा उघडा होता. समोरच न्हाणीचं दार.

"ह्यांना रात्री झाकायचं कशानं?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरात शेजारती (देवांना झोपवतानाची आरती) झाली की दारं मिटतात. आजीपासून. एक दिवस खंड नाही."

"पडदा लावा," मी म्हटलं.

"लावते."

त्यांनी एक रुमाल धरून पाहिला. तो खाली घेतला. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "काका, एक मागू? नाही म्हणालात तरी चालेल. पेटीची दारं."

रफिकभाई दारात उभे होते. ते हसले नाहीत, पण म्हणाले, "अब बोलो चचा. जोडी नय फोडनेका."

मी गच्चीत गेलो. खाली सगळीकडं बांधकामं. एका मोकळ्या प्लॉटवर बोअरचं यंत्र लावलेलं, आणि पाण्याऐवजी पांढरी धूळ वर येत होती. माणसं कडेला उभी राहून त्या धुळीकडं पाहत होती. मी हिशोब करत होतो. देशी पेटी म्हणून किंमत आधीच उतरलेली. दारांशिवाय पेटी म्हणजे दात पडलेला बैल, जाणकार माणूस बघूनच पाठ फिरवणार. आणि मी परवा ज्या गोष्टीवर भांडलो तीच आज मला स्वतःच्या हातानं करायची होती. रफिकभाई हे गुलमंडीत सगळ्यांना सांगणार, ह्यात शंका नव्हती.

मग मला बाजारातली गोष्ट आठवली. आमच्यात जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. घेणारा आपली दोरी आणतो. विकणारा जुनं दावं गळ्यातून सोडतो आणि घरी नेऊन खुंटीला अडकवतो. जनावर गेलं तरी गोठ्यातली बरकत त्याच्यामागं जाऊ नये म्हणून. घेणारा कितीही खमका असला तरी दावं मागत नाही. मागितलं तर बाजार त्याला हसतो. आणि म्हणून कुणी गाय अर्धी आणली असंही म्हणत नाही.

मी आत आलो, पिशवीतून पेचकस काढला आणि खाली टेंपोशी गेलो. बिजागऱ्या घट्ट होत्या, पितळेच्या. पेच मोडू न देता काढले. दारं खांद्यावर घेऊन तीन मजले चढलो, रफिकभाईंना हात लावू दिला नाही. कोनाडा दारांपेक्षा बोटभर रुंद निघाला. पॅकिंगच्या लाकडातून पट्टी काढून ती बाजूला बसवली. संगमरवराला भोकं पाडायला खालच्या मजल्यावरच्या मिस्त्रीचं यंत्र आणावं लागलं. त्यात वेळ गेला. टेंपोवाला खालून हॉर्न वाजवत राहिला.

दारं लागली. मी एकदा मिटून, एकदा उघडून पाहिली. अडकत नव्हती.

"किती सांगू काका तुमचे..." सुनंदाबाई सुरू झाल्या.

"काय सांगू नका. तुमचं दावं हाय ते. आम्ही दावं नेत नसतो," मी म्हटलं. त्यांना अर्थ कळला नसावा. रफिकभाईंना कळला. ते म्हणाले, "चचा, तुम हार के भी जीतने का रास्ता ढूँढ लेते."

"मी हारलोच न्हाय," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर पाचोडाला चहा घेतला. टेंपोवाला मागं जाऊन पेटीकडं पाहून आला. म्हणाला, "बाबा, ह्याला दारं न्हाईत. फसवलं तुम्हाला." मी म्हटलं, "चहा पी." शहागडच्या पुलावर अंधार पडला. नदीत झिऱ्यांजवळ कुणी बत्ती लावून बसलं होतं.

पेटी आता माझ्या घरात आहे. गोळा करणारे लोक लांबून येतात, चांगले शिकलेले असतात, बोटानं लाकूड वाजवून बघतात. एकानं मला दुसऱ्या मशीनची दारं आणून देतो असं सांगितलं. एक म्हणाला, हातात एवढं कसब असून नवी का करत नाही? करता येतात. आठवड्याचं काम आहे. मी करत नाही. ते पेटीभोवती फिरतात आणि शेवटी म्हणतात, "बाबा, माल चांगला आहे, पण पुरा नाही."

मी त्यांना एकच सांगतो. माल पुरा आहे. थोडा इथं आहे, थोडा गारखेड्याला. तिथली दारं रोज रात्री मिटतात आणि सकाळी उघडतात. तुमच्याकडं पुऱ्या पेट्या आहेत ना, त्यांची दारं शेवटची कधी उघडली होती, ते सांगा.